दुपारचं आंबट पाणी

१

माझ्या फोटो स्टुडिओत माशांची एक काचेची पेटी होती आणि तिचं पाणी मी दिवसातून तीनदा तपासायचो. सकाळी दहाला दुकान उघडल्यावर, दुपारी एकला जेवायला घरी जाताना आणि चारला परत आल्यावर. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, त्यात निळ्या औषधाचे तीन थेंब टाकायचे, नळी हलवायची आणि जो रंग येईल तो पुठ्ठ्यावरच्या रंगपट्टीशी जुळवून वहीत लिहायचा. निळा म्हणजे ७.६. हिरवा म्हणजे सात. पिवळा म्हणजे सहा. शाळेच्या पुस्तकात ह्या आकड्याला सामू म्हणतात. सातच्या खाली पाणी आंबट, म्हणजे आम्लाकडे झुकलेलं. सातच्या वर ते अल्काकडे, आमच्या भाषेत खाऱ्याकडे. आमच्या गावचं, जवळा बाजारचं, बोअरचं पाणी जन्मजात खाऱ्याकडचं. त्यात डाळ शिजत नाही. गोल्डफिशना मात्र मानवतं.

पेटी आली ती बायकोच्या बीपीमुळे. वसमतच्या डॉक्टरांनी शिवकन्येला मीठ कमी सांगितलं, कटकट कमी सांगितली आणि वर म्हणाले, रोज अर्धा तास मासे बघत बसा, डोकं शांत राहतं.

"मासे बघून बीपी उतरतं व्हय? मग मासे इकणारणीला कधी डॉक्टरच लागत नसल," शिवकन्या परतताना एसटीत म्हणाली. पण आठ दिवसांनी तिनंच विचारलं, "अवो, ते माशाचं काय झालं?"

२००२ च्या जानेवारीत मी नांदेडहून शंभर लिटरची पेटी आणि सात मासे आणले. मासे पाण्याच्या पिशवीत, पिशवी मांडीवर. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "बारा वर्षांच्या आतले हायेत ना? मग बसू द्या." मासेवाल्याने निघताना औषधाची बाटली आणि रंगपट्टी हातात देऊन सांगितलं होतं, "साब, मच्छी की फिकर नको करो. पानी की करो. पानी खुश, तो मच्छी खुश."

पेटी मी आतल्या खोलीत ठेवली. माझ्या दुकानाला दोन खोल्या आहेत. पुढे रस्त्याकडे पत्र्याची, तिथे गल्ला आणि गिऱ्हाइकांची खुर्ची. मागे स्लॅबची, थंड, तिथे फोटो काढायचे. रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि हंस. पडद्यापुढे रेक्झिनची गादी असलेला लांब बाक. समोर कॅमेरा आणि दोन दिवे. कोपऱ्यात फळ्या ठोकून केलेली डार्करूम. खिडकी होती ती मी एकोणऐंशी साली, स्टुडिओ काढला तेव्हाच विटांनी बुजवली. त्या खोलीत जायला पुढच्या खोलीतून एकच दार आहे, आणि त्याची किल्ली माझ्या कमरेला असते.

२

पहिले दोन मासे मीच मारले. हे वहीत आहे, तेव्हा इथेही लिहायला हवं.

मी फोटोग्राफर. आम्ल आणि अल्क ह्यांच्याशी माझी रोजची ऊठबस. डेव्हलपर खारा, त्यानंतरचा स्टॉप बाथ आंबट. कागद एकातून काढून दुसऱ्यात बुडवला की क्षणात काम थांबतं. मला वाटलं, पाण्याचंही तसंच असणार. ७.६ जरा जास्त वाटत होता, सात असला तर छान, म्हणून मी स्टॉप बाथचं ॲसेटिक ॲसिड थेंबाथेंबाने पेटीत सोडलं आणि अर्ध्या तासात हिरवागार सात मिळवला. स्वतःची पाठ थोपटून घरी गेलो. सकाळी पाणी परत निळं झालं होतं आणि दोन मासे तळाला होते. कल्ले मिटलेले, अंगावर पांढरा चिकट थर.

त्या दिवशी शिकलो ते असं: आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी मासा सांभाळून घेतो. एका झटक्यात बदललेला आकडा त्याला सोसत नाही. कागदाला कल्ले नसतात, हे मी विसरलो होतो.

शिवकन्येने ते दोन मासे जास्वंदीखाली पुरले आणि हात धुता धुता म्हणाली, "आता आणखी एक जरी मेला ना, तर पेटी वापस नांदेडला. म्या बीपी उतरवायला येते, मयतीला न्हाई."

ती बोलली ते गमतीत नव्हतं. त्या आठवड्यात तिचा वरचा आकडा एकशे सत्तर झाला होता. पुढे पाचही मासे तगले, तिने त्यांना नावं दिली, रोज संध्याकाळी साडेपाचला ती बाकावर येऊन बसू लागली आणि मार्चात आकडा एकशे चाळीसवर आला. काळा, डोळे बाहेर आलेला होता त्याला ती ठाणेदार म्हणायची. "बघा कसा बघून राहिला. जसं काय म्याच चोरी केली."

३

१४ मार्चला चार वाजता नळी पिवळसर हिरवी झाली. ६.४.

मी नळी धुऊन परत तपासली. ६.४. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. मी हवेचा पंप तपासला, चालू होता. जवळ असलेला जादा पंपही लावला. साडेपाचला शिवकन्या येईपर्यंत पाणी निळं झालं आणि मासे खाली जाऊन हुंदडू लागले.

दुसऱ्या दिवशी चारला ६.४. तिसऱ्या दिवशी ६.२. सकाळी दहाला मात्र दर वेळी निळं.

पहिला संशय माझ्या स्टॉप बाथवर. त्याची वाफ पाण्यात उतरत असेल, म्हणून सगळ्या बशा आणि बाटल्या घरी नेल्या. फरक नाही. दुसरा संशय लोडशेडिंगवर. दुपारी लाइट जाते, पंप बंद पडतो, माशांच्याच श्वासाने पाणी बिघडतं. हे पटण्यासारखं होतं. पटल्यावर मी ताळा करून बघितला. एका रात्री पंप मुद्दाम बंद ठेवून घरी गेलो. पंधरा तास. सकाळी ७.२, मासे ठणठणीत.

म्हणजे पंधरा तास बंद असलेल्या खोलीत पाणी जेमतेम हलत होतं आणि दुपारच्या तीन तासांत आंबत होतं. वहीत मी हे वाक्य लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि रेघेखाली काय लिहावं ते सुचेना म्हणून ठाणेदाराचं चित्र काढलं.

४

प्रेमदास राठोड हे आमच्या हायस्कूलचे विज्ञानाचे सर. औंढ्याच्या अलीकडच्या तांड्यावरचे. पोरांच्या फॉर्मांचे फोटो घ्यायला आले तेव्हा मी त्यांना वही दाखवली.

"विश्वंभरराव, तुमी फोटोवाले कशाला झाले? मास्तर व्हायला पायजे होतं," पानं उलटत ते म्हणाले.

"मास्तरांना रोज आंघोळ करून यावं लागतं, सर."

"तेबी खरंय." त्यांनी थंड पेय प्यायची एक नळी मागितली. निळं केलेलं पाणी ग्लासात घेतलं, नळी बुडवली आणि सावकाश फुंकायला लागले. बुडबुडे आले. पाणी निळ्याचं हिरवं झालं, मग पोपटी, मग पिवळं. माझ्या दुपारच्या नळीसारखं, अगदी तोच पिवळा.

"काही टाकलं न्हाई," सर म्हणाले. "नुसता श्वास हाय. आपण जो वायू सोडतो, तो पाण्यात गेला की पाणी आंबट. आता हे हवेवर ढवळत ठेवा, तासाभरात परत निळं. ॲसिड तर तुमी घरी नेलंय. तुमच्या पेटीत कुणीतरी फुंकून राहिलं."

"कोण?"

"ते तुमी बघा. म्या सायन्सचा मास्तर, पोलीस न्हाई."

मग त्यांनीच सुचवलं तसं केलं. तीन बरण्या, तिन्हींत बोअरचं पाणी, मासा कशातच नाही. एक पुढच्या खोलीत, एक डार्करूममध्ये, एक आत बाकासमोर. एकला कुलूप, चारला दोघांनी मिळून उघडलं. पुढची निळी. डार्करूममधली निळी. बाकासमोरची पिवळी.

सरांनी ती बरणी उजेडात धरून बघितली. मग खिशातून पेन काढून हातावरच हिशेब करू लागले. "आपलं पाणी जड. ह्याला आंबवायचं म्हणजे सोपं काम न्हाई. पंप बंद पडला तरी शंभर लिटर, तीन तासांत. एका माणसाचं कामच न्हाई हे, विश्वंभरराव. खोली गच्च भरलेली पायजे."

"म्हणजे किती?"

"लग्नाचा ग्रुप फोटो असतो ना, तेवढी."

आम्ही दोघंही हसलो. हसून झाल्यावर दोघांनीही बाकाकडे बघितलं, आणि सरांना एकदम शाळेत काहीतरी काम असल्याचं आठवलं.

५

साधा उपाय होता. पेटी पुढच्या खोलीत आणायची. मी आणि सरांनी मिळून ती आणली आणि आठ दिवस चारच्या नळ्या निळ्या आल्या. मी वहीत लिहिलं: प्रश्न मिटला. कारण कळलं नाही, कळायलाच हवं असं नाही.

पण एप्रिल संपत आला होता आणि पुढच्या खोलीवर पत्रा होता. पाणी कोमट झालं, मग कढत. मी पेटीवर ओलं गोणपाट टाकलं, बर्फाची पिशवी सोडली. २ मेला शिवकन्या आली तेव्हा ठाणेदार आडवा होऊन तरंगत होता. तिने पदर खोचला, हात पाण्यात घालून त्याला तळव्यावर सरळ धरलं आणि तशीच उभी राहिली.

"अवो, पाणी हाय का चहा? काहून आणली हिकडं पेटी? आत काय वाईट होतं?"

"आत पाणी बिघडतं."

"कशानं?"

तिला काय सांगणार? मी म्हणालो, "कळंना झालंय."

"मग कळू द्या. पण तोवर ह्याला मारू नका." तिच्या कपाळावरची शीर उडत होती. मला ती मोजता येत होती. वसमतच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा आकडा दोनशेकडे गेला तर डोक्यात काहीही होऊ शकतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं, वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

पेटी त्याच संध्याकाळी आत गेली. अर्ध्या तासाने ठाणेदार सरळ झाला. आत थंड होतं, पण दुपारी पाणी आंबायचं. बाहेर पाणी चांगलं, पण उन्हाने शिजायचं. आता दुपारी एक ते चार ह्या वेळेचा निकाल लावणं भाग होतं.

६

५ मेला मी जेवायला घरी गेलो नाही. एकला पुढचं शटर आतून ओढलं, आतल्या खोलीत आलो, दार लावलं आणि डार्करूममध्ये स्टुलावर बसलो. फळीचं दार चार बोटं उघडं ठेवलं. पंप सुरू होता, पेटीचा दिवा सुरू होता. भाकरी आणि ठेचा सोबत होता, वही होती. मला भीती वाटत नव्हती. खरं तर मजा वाटत होती. आपल्याच दुकानात चोरासारखं बसायची वेळ कुणावर येते?

दीडला लाइट गेली. पंप थांबला. पुढच्या शटरच्या फटीतून येणारा उजेड दारावरच्या झरोक्यातून आत पडत होता, तेवढ्या उजेडात पेटी दिसत होती.

पावणेदोनच्या सुमारास मासे फिरायचे थांबले. पाचही मासे पेटीच्या पुढच्या काचेपाशी आले आणि बाकाकडे तोंड करून एका ओळीत उभे राहिले.

मग मला शांतता ऐकू आली. हे वाक्य मी वहीत दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा तसंच लिहिलं. रिकाम्या खोलीची शांतता मला माहीत आहे. डार्करूममध्ये माझी अर्धी जिंदगी गेली. त्यात पालीचा, पत्र्याचा, लाकडाचा आवाज असतो. ही तशी नव्हती. ही मला जास्त ओळखीची होती. कुणी मुंडासं सरळ करतं, कुणी लेकराला मांडीवर नीट घेतं, आई पोरीच्या कानामागे केस सारते, आणि मग मी बटणावर बोट ठेवतो तेव्हा सगळे गप्प होतात. ती शांतता. बटण दाबायच्या आधीची. फक्त ती संपत नव्हती.

दोन वाजून दहा मिनिटांनी पेटीच्या काचेवर वाफ दिसली. गोल डाग, वाटीएवढे. एक खाली, लहान मूल काचेला नाक लावेल तेवढ्या उंचीवर. दोन वर. मग डाव्या बाजूला आणखी. बाहेर बेचाळीस अंश ऊन होतं. मे महिन्यात काचेवर श्वासाची वाफ धरत नाही, हे मला कुणी सांगायला नको होतं.

वाफ आतल्या बाजूने असेल, असं मनाशी म्हणत मी बाहेर आलो, बाकाकडे न बघता पेटीपर्यंत गेलो आणि एका डागावर बोट फिरवलं. बोट ओलं झालं. काच बाहेरून ओली होती, आणि कोमट.

मी सावकाश दार उघडलं, सावकाश शटर वर केलं आणि रस्त्यावरच्या उन्हात येऊन उभा राहिलो. समोरच्या हॉटेलवाल्याने विचारलं, "काय झालं हो, फोटोवाले? घाम फुटलाय."

"उकडतंय," मी म्हणालो. भाकरी आतच राहिली.

७

चार दिवसांनी मिराबाई आली. प्रेमदास सरांच्या तांड्यावरची, सत्तरीची, निराधारच्या फॉर्मला फोटो हवा होता. अंगावर आरशांची काचोळी, गळ्यात आणि ओढणीला नाणी. हलली की खोली वाजायची. बाकावर ती अगदी मधोमध बसली.

"मावशी, इकडं बघा. हलू नका. दम धरा."

हे माझ्या उस्तादांकडून आलेलं. त्यांच्या काळी कॅमेरा मंद होता, माणूस श्वासाने हलला तरी फोटो पुसट यायचा. माझा कॅमेरा बदलला, दिवे बदलले, ते दोन शब्द राहिले. तेवीस वर्षांत प्रत्येक गिऱ्हाइकाला मी ते म्हटले असतील.

बटण दाबलं आणि पुढच्या खोलीत पावती लिहायला गेलो. तिथे कुणीतरी जुन्या फोटोची चौकशी करत होतं, त्यात मिनिटभर गेलं. परत आलो तर मिराबाई तशीच बसलेली. गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, चेहरा जांभळा. अंगावरचं एकही नाणं वाजत नव्हतं.

"मावशी! सोडा की आता!"

तिने असा श्वास सोडला की सगळी नाणी एकदम वाजली. मग खोकली, मग हसायला लागली आणि हसता हसता बाकावर हात आपटू लागली.

"बाप्पा, मारतूस का काय मला? लवकर सोड म्हणायचं की!"

"अहो मावशी, फोटो कधीच झाला."

"मला काय ठावं? तू धर म्हणलास, म्या धरला. सोड म्हणलास न्हाई. मधीच सोडला असता आन् फोटू बिघडला असता तर पुन्ना पाच कोस कोण येणार, तुजा बाप?"

"चुकलं, मावशी."

"मला म्हणलास ते बरं झालं." तिने भिंतीकडे काठी केली. तिथे नमुन्याचे फोटो लावलेले आहेत, तेवीस वर्षांतले. नवरानवरी, बारशाची पोरं, मांडीवर हात ठेवून बसलेले बाप. "ह्यांना म्हणलास का? बघ तोंडं. सगळे धरूनच बसलेत."

ती पुन्हा हसली आणि ओढणी सावरत बाहेर गेली. तिने विनोद केला होता, आणि तो चांगला होता. मी भिंतीवरचे फोटो एकेक करून बघितले. काहींच्या मानेच्या शिरा ताठ दिसत होत्या. ते मी आधीही पाहिलं असणार. स्वतः छापलेले फोटो आहेत.

८

११ मेला प्रेमदास सरांना मी फक्त एवढंच सांगितलं की अडीच वाजता पुढच्या खोलीत बसा, मी आत एक काम करून येतो.

"कसलं काम?"

"सांगितलं तर हसाल."

"मग नक्की सांगा."

"सर, बसा ना गप."

ते खुर्चीत बसले, वर्तमानपत्राने वारा घेत. मी आत गेलो. लाइट गेलेली. मासे ओळीत उभे होते. काचेवर वाफ होती, पाचव्या तारखेपेक्षा जास्त, डाग एकमेकांत मिसळलेले. ती शांतता होती. मी बाकाकडे बघितलं नाही. कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे उभं राहायचं ते मला कळेना, आणि तिथे उभं राहिल्यावर समोर बघावंच लागतं.

बाक रिकामा होता. गादी तेवढी दबलेली होती. कुणी बसलं की रेक्झिन दबतं तशी, कडेला बारीक सुरकुत्या पडलेली, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी. रिकाम्या खोलीशी बोलायचं म्हणजे लाज वाटते. पण मला शिवकन्येच्या कपाळावरची शीर आठवली आणि मी गिऱ्हाइकांशी बोलतो त्या आवाजात म्हणालो:

"झालं, मंडळी. फोटो छान आलाय. सोडा आता."

आधी काहीच झालं नाही. मग एक कोमट झुळूक तोंडावर आली आणि तिच्यामागून सगळंच आलं. पानाचा वास, बिडीचा, कांद्याचा, लग्नातल्या अत्तराचा, दूध प्यालेल्या लेकराचा. मागचा पडदा फुगला, तळ्यावरचे हंस माझ्या अंगावर आल्यासारखे झाले. पेटीच्या पाण्यावर लाट उठली. आणि गादीवरचे खळगे एकामागून एक भरून वर येऊ लागले, फस्‌ फस्‌ आवाज करत, माणसं उठल्यावर येतात तसे. मी पहिले चार बघितले. पाचवा उठायच्या आत डोळे मिटले. कुणीतरी बाजूने जाताना माझ्या शर्टाची बाही हलली, आणि गुडघ्याशी, अगदी खाली, काहीतरी घासून गेलं.

पुढच्या खोलीत गल्ल्यावरची फोटोंची पाकिटं उडून रस्त्यावर पडली. सर वर्तमानपत्राच्या मागे धावत होते.

"विश्वंभरराव! कूलर घेतला का काय? निदान सांगायचं तरी!"

"लाइट गेलेली आहे, सर," मी म्हणालो.

ते वर्तमानपत्राचं पान हातात धरून थांबले. रस्त्यावरच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून पाकिटं गोळा केली आणि समोर जाऊन चहा प्यायलो, प्रत्येकी दोन कप.

"हसलात नाही," मी म्हणालो.

"दम लागलाय हो," सर म्हणाले.

९

त्या दिवशी चारला नळी निळी. दुसऱ्या दिवशी निळी. मे संपला, जून गेला, माशांच्या अंगावर अशी चकाकी आली की गिऱ्हाइकं पेटीशेजारी उभं राहून फोटो मागू लागली. मी आता सगळ्यांना न चुकता सोडा म्हणतो. एकदा हट्टा गावच्या एका नवरदेवाला तीनदा म्हणालो, तर तो म्हणाला, "काका, सोडला हो, आता काय जीव सोडू?"

शिवकन्येचा आकडा जुलैत एकशे तीसवर आला. डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. तिने डॉक्टरांना पेढे दिले आणि माशांना उकडलेला वाटाणा सोलून दिला, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. ठाणेदार तिच्या बोटातून खातो.

वहीत एक गोष्ट उरते, ती लिहितो. ऑगस्टपासून चारची नळी निळी असते, पण सहाची, शिवकन्या उठून गेल्यावर मी उगाच घेतो ती, एक पट्टी खाली उतरते. ७.२. शिवकन्येचा श्वास म्हणावा तर ती बाकावर बसते, पेटीपासून तीन हात लांब, आणि पंप दोन्ही चालू असतात. सरांना विचारलं. ते रंगपट्टीकडे बघत म्हणाले, "एवढ्याला फार लागत न्हाई. एखादं लहान लेकरू काचेला तोंड लावून बसलं तरी पुरे." मग म्हणाले, "७.२ ला माशाला तकलीफ न्हाई. उलट बरंच."

काल मी कॅमेरा पुसत होतो. ती बाकाच्या एका टोकाला बसली होती, अगदी कडेला, अर्धी बाहेर.

"अगं, मधे बस ना. सगळा बाक रिकामाच आहे."

"बसते इथंच," ती म्हणाली. डोळे माशांवर होते, चेहरा शांत. तिने हात लांब करून शेजारच्या गादीवर नुसता ठेवला, आणि ठाणेदाराकडे बोट दाखवत हळू आवाजात म्हणाली, "तो बघ, काळा. त्याला भ्यायचं न्हाई. तो नुसता डोळे काढतो."

आम्हाला लेकरू नाही. ते वहीत कधी लिहायची वेळ आली नव्हती.

'सोडा' हा शब्द माझ्या तोंडापर्यंत आला होता. मी तिच्या कपाळाकडे बघितलं. शीर दिसतच नव्हती. काचेच्या खालच्या कोपऱ्यात वाटीएवढी वाफ धरली होती. मी कॅमेऱ्यावर कापड टाकलं, पुढच्या खोलीत गेलो आणि तिचा अर्धा तास पुरा होऊ दिला. सहाला नळी घेतली आणि वहीत लिहिलं: ७.२. मासे उत्तम.